भिंतीवरची पेन्सिलीची रेघ

लेआंद्रो पहिल्यांदा नोएलियाच्या अंगणात आला तो चिंब भिजलेला, आणि तेही न विचारता. सान हर्वासियो गावाची खालची आळी म्हणजे पाराना नदीला लागून कोळ्यांची वीसेक घरं. तिथं परक्या माणसाने मोजणीची तिपाई रोवली की कुत्री भुंकतात आणि म्हाताऱ्या खिडकीत येतात. नोएलिया मात्र सरळ बाहेर आली.

"काय मोजताय? आमची गरिबी?"

"नाही... पाणी," तो ओशाळून म्हणाला. "या रेघा कसल्या?"

भिंतीवर खिळ्याने कोरलेल्या तीन रेघा होत्या, प्रत्येकीखाली पुराचं साल. खालच्या आळीत घरांना दरवर्षी चुना लागतो, पण रेघांवरून कुंचला फिरवत नाहीत, तेवढी पट्टी कोरी सोडतात. सगळ्यात वरची रेघ नोएलियाच्या हनुवटीपर्यंत येत होती. तिने भिंतीला टेकून दाखवलं, आणि हा बाबा रेघ सोडून हनुवटीकडेच बघत राहिला. आकडा दोनदा चुकला.

पाऊस थांबेना, म्हणून तिने त्याला ओसरीवर बोलावलं. तिचे वडील अनिबाल जाळं सांधत बसले होते. तिने भोपळ्याच्या वाटीत येर्बाच्या पाल्याचा कडू चहा ओतला, आत खोचलेली ओढून प्यायची नळी त्याच्याकडे वळवून दिला. त्याने संपवला, शहाण्यासारखं 'धन्यवाद' म्हणून वाटी परत केली आणि पुढच्या फेरीची वाट बघत बसला. वाटी बापाकडे गेली, लेकीकडे आली, पुन्हा बापाकडे गेली. याच्याकडे काही येईना.

"पेरू देशाचे ना तुम्ही?" नोएलिया हसू दाबत म्हणाली. "आमच्यात धन्यवाद म्हणजे पोट भरलं. मग पुन्हा मिळत नाही."

"आणि मला अजून हवा असेल तर?"

"तर गप्प बसायचं. जमेल का?"

जमलं की! त्या शरदात तो दर शनिवारी आला, गप्प बसून सात-सात वाट्या प्यायला, आणि अनिबाल पाठमोरे झाले की तिच्या बोटांना बोट लावायला शिकला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. नोएलिया त्याच्यात पार बुडाली होती, उगाच आडपडदा कशाला?

पण तो बिल्डरचा माणूस होता. आळीच्या वरच्या अंगाला नदीकाठची पाणथळ होती. ती चार मीटर भराव घालून उंच करायची आणि तिथं बंगले बांधायचे, असा बेत होता. गावात दोन तट पडले होते. पाववाल्याला गिऱ्हाईक दिसत होतं, बेकार पोरांना काम दिसत होतं, आणि कोळ्यांना नुसतं पाणी दिसत होतं. पूर तिथं मावला नाही तर जाणार कुठं?

एका शनिवारी लेआंद्रोने उत्तर काढलं. खिशातली पेन्सिल घेऊन त्याने भिंतीवर, नोएलियाच्या डोक्याच्याही वर, एक बारीक रेघ ओढली.

"भराव पडला तर... इथपर्यंत."

ती कितीतरी वेळ वर बघत राहिली. "हे तू सभेत सांगशील?"

"सांगेन. तुझी शपथ."

गावसभेचा नियम कडक होता. आदल्या दिवशी यादीत नाव दिलं नाही, तर तोंड उघडता येत नाही. अनिबाल नाव द्यायला निघाले होते, नोएलियाने त्यांना थांबवलं. बाबा, तुम्ही माइकसमोर अडखळता, तो आकड्यांनिशी बोलेल, असं तिनेच समजावलं. लेकीच्या शब्दाखातर अख्ख्या आळीने नाव दिलं नाही.

गुरुवारी गावच्या क्लबच्या हॉलमध्ये सभा भरली आणि लेआंद्रो उभा राहिला. त्याने कागदावरून वाचलं की पाण्याची वाढ ठरलेल्या मर्यादेत राहील. एवढंच वाचून तो खाली बसला. नोएलिया उठली, तर अध्यक्षांनी यादी बघितली आणि नकारार्थी मान हलवली. अनिबाल मांडीवरची टोपी उलटीसुलटी करत राहिले. त्या टोपीकडे तिला बघवेना. भरावाला मंजुरी मिळाली.

शनिवारी तो आला. पाऊस होताच. अनिबाल उठून होडीकडे निघून गेले.

"नोकरी गेली असती तर या देशात राहायचे कागदही गेले असते," तो म्हणाला. "तुझ्यापासून लांब जावं लागलं असतं. माझं प्रेम आहे तुझ्यावर, नोएलिया."

"माहीत आहे," ती म्हणाली. "माझंही आहे."

त्याच्या चेहऱ्यावर आशा उमटली. तिने भोपळ्याची वाटी आणि किटली त्याच्यापुढे सरकवली. "आज तू ओत."

त्याने ओतलं. तिने सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत चहा संपवला, नळी पुसली आणि वाटी त्याच्या हातात ठेवली.

"धन्यवाद," ती म्हणाली.

तो समजला. वाटी फळीवर ठेवून, डोकंही न झाकता तो पावसात उतरला. ती त्याला हाक मारणार होती... ओठांवर आलेलं नाव तिने गिळलं आणि मग दाराआड पोटभर रडली.

वसंतात घराला चुना लागला. वरच्या अंगाला भरावाचे ट्रक दिवसभर घरघरत होते. नोएलिया स्टुलावर चढली, भिंत पांढरी करत आणली, आणि पेन्सिलीच्या रेघेपाशी तिचा कुंचला थांबला. खाली अनिबाल बादली धरून उभे होते.

तिने तेवढी पट्टी कोरी सोडली. खाली साल लिहायलाही जागा ठेवली.