कोमट खाद्याचं बंड

डुक्कर घाण म्हणून वास मारतं, की वास येतो म्हणून आपण त्याला घाण म्हणतो?

अंबी धोत्रेनं हा प्रश्न विचारला, तेव्हा सोंडूची हलती सोंड जागीच थांबली. सोंडू म्हणजे वास मोजणारा रोबो. साल होतं २०५८. सोलापूरच्या गल्लीबोळांतून असे रोबो हुंगत फिरायचे आणि शून्य ते दहा असा आकडा सांगायचे. अंबीच्या आजोबांच्या, म्हणजे ताताच्या, डुकरांच्या शेडपाशी सोंडू नुकताच म्हणाला होता, "नऊ!"

शेजारच्या सोसायटीचे अध्यक्ष गव्हाणेसाहेब नाकाला रुमाल लावून तयारच होते. "ऐकलंत? चारच्या वर चालत नाही. महिन्याची मुदत! नाहीतर पालिकेवाले ही डुकरं उचलून नेतील. तक्रार माझीच आहे."

ताता खाली बघत शेड झाडत राहिला. शेडमध्ये चार डुकरिणी, त्यातली राणी गाभण. अंबी मात्र कंबरेवर हात ठेवून पुढे आली.

"न्यायला येऊ तर द्या! शाळेत मला 'डुकरंवाली' म्हणतात. मी म्हणते, हो, आहे! आणि हिला राणी म्हणतात. तुम्हाला कोण म्हणतं राजा?"

साहेब तणतणत गेले. तेवढ्यात अंबीला सोंडूच्या पाठीवर एक बटण दिसलं. त्यावर लिहिलं होतं 'उपाय'. आणि बोटभर धूळ.

"हे कुणीच दाबत नाही का रे?"

"अकरा वर्षांत एकदाही नाही," सोंडू म्हणाला. "सगळ्यांना आकडा हवा असतो. आकडा मिळाला की भांडता येतं."

अंबीनं दणकन बटण दाबलं.

"अहाहा!" सोंडू खूश झाला. "ऐक. वास येतो तो मुख्यतः न पचलेल्या जेवणाचा. राणी काय खाते?"

"कोंडा, पेंड, हॉटेलातलं उरलंसुरलं."

"कोंड्याच्या कणाला चिवट भिंत असते. तिच्यामागे प्रथिन (अंग वाढवणारं अन्नद्रव्य) अडकतं. ती भिंत कापायची कात्री डुकराच्या पोटात नसते. मग ते प्रथिन तसंच मोठ्या आतड्यात जातं. तिथले जंतू ते कुजवतात. मग डुकराच्या विष्ठेतून अमोनिया (नाकाला झोंबणारा वायू) निघतो. जेवण वाया, वरून वास!"

"मग कात्री बाहेरून द्यायची!"

"तिलाच एन्झाइम (अन्नाचे बारीक तुकडे करायला मदत करणारं प्रथिन) म्हणतात. आणि सोबत प्रोबायोटिक (पोटात मदत करणारे जिवंत सूक्ष्मजीव). ही चांगली पोरं आतड्यात जागा अडवून बसतात, कुजवणाऱ्या गुंडांना बसायला जागाच मिळत नाही. पण जादू नाही हं, झाडलोट करावीच लागेल."

जनावरांच्या दवाखान्यातून दोन्ही मिसळलेल्या पुड्या आल्या. ताता रोज खाद्यात पुडी टाकायचा, अंबी शेड धुवायची. दहा दिवस झाले. सोंडूनं हुंगलं. "साडेआठ."

"खोटारड्या!" अंबीनं त्याची सोंड पिरगाळली. "अर्धा आकडा तर माझ्या झाडूनं कमी केला. तुझ्या पुडीनं काय दिवे लावले?"

"खाद्यात मिसळा म्हटलं, तुम्ही मिसळलं. माझं गणित बरोबर आहे!"

तिकडे ताता चुलीवरच्या पातेल्यात पुडी ओतत होता. खाद्य खदखद उकळत होतं. ताताचा नियमच होता तो. हॉटेलचं उष्टं उकळल्याशिवाय डुकराला द्यायचं नाही, त्यातून रोग येतात.

अंबी पातेल्याकडे बघतच राहिली. "ताता, उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागतं?"

"येडी का काय? मरतं की विरजण."

"मग हे काय चाललंय?"

ताताची पळी हवेतच राहिली. सोंडूची सोंड खाली गेली. "बरोबर आहे," तो पुटपुटला. "उकळीत सूक्ष्मजीव मरतात, एन्झाइमची कात्री वाकडी होऊन बसते. हे सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मी वीज खातो गं, कधी स्वयंपाक नाही केला."

"म्हणजे उकळायचं चुकलं?" ताता खट्टू झाला.

"नाही ताता! उकळायचंच. वाईट जंतू मरू देत. मग गार करायचं. बोट घालून बघायचं, विरजणाला लागतं तेवढं कोमट झालं की पुडी!"

त्या दिवसापासून तातानं बोट घालून बघितल्याशिवाय पुडी फोडली नाही.

तिसाव्या दिवशी सकाळी गव्हाणेसाहेब डुकरं न्यायची गाडी घेऊनच आले. सोंडूनं शेडभर हुंगलं. राणीपाशी जरा जास्तच रेंगाळला.

"तीन!"

"मशीन बिघडलंय!" साहेब ओरडले.

"बघू या की बिघडलंय का," अंबी म्हणाली आणि सोंडूला ओढत थेट सोसायटीच्या गेटवर घेऊन गेली. तिथं ओल्या कचऱ्याचा ढीग होता. सोंड आत शिरली.

"आठ!" गॅलऱ्यांमधली सगळी पोरं खिदळली.

साहेबांचा रुमाल पुन्हा नाकावर गेला, या वेळी खरोखरच. हळूच म्हणाले, "याच्यावर उपाय आहे का काही?"

"आहे ना. त्यातलं उरलेलं अन्न वेगळं करा आणि रोज ताजंच आमच्याकडे पाठवा. ताता उकळेल, गार करेल. राणीला आता पिल्लं होतील, तिला भूक लागणार." सोंडूच्या पाठीवरचं बटण अंबीनं फ्रॉकच्या टोकानं पुसून लख्ख केलं. "आणि साहेब, महिन्याची मुदत हं. तक्रार माझीच आहे."