चेंडू दाबा, मी येते

पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. माझ्या नवऱ्यालाच अजून पटलेलं नाही, तर तुम्हाला काय म्हणू? पण मी अकरा वर्षं एमआरआय टेक्निशियन आहे. भुताखेताच्या गोष्टींना हसणारी बाई आहे. आणि हे माझ्यासमोर घडलंय.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

इस्लामपूर. मागच्या डिसेंबरातला मंगळवार. सकाळचे साडेआठ.

पण त्याआधी फेब्रुवारीतलं सांगावं लागेल, नाहीतर कळायचं नाही.

फेब्रुवारीत माझा थोरला भाऊ वीरधवल आबांना घेऊन आमच्या स्कॅन सेंटरवर आला. आबा म्हणजे आमचे वडील, लालासाहेब. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, वय अठ्ठ्याहत्तर. आमचं गाव फलटणकडं. तिकडं मशिनी नाहीत असं नाही. तरी दादानं त्यांना एवढ्या लांब आणलं.

"संयू, आबांचं डोकं लय दुखतंय. म्हटलं लेकीच्या हातनं हूंदे तपासणी. परक्याच्या दारात कशाला?"

मला भरून आलं. खुळी मी.

मशीनमध्ये लोखंड चालत नाही. आबांनी करदोट्याला बांधलेली, रानाच्या कागदांच्या ट्रंकेची चावी सोडून माझ्या हातात दिली. दादानं ती लगेच माझ्या हातातून घेतली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

आबांना झोपवलं. हातात रबरी चेंडू दिला. प्रत्येक पेशंटला देतो तसाच. तो दाबला की बाहेर माझ्या टेबलावर बझर वाजतो.

"आबा, काही वाटलं तर चेंडू दाबा. मी येते."

निम्मं स्कॅन झालं असेल... बझर वाजला.

मी माइकवर विचारलं, "काय झालं आबा?"

"संयू... तुला एक सांगायचं हाय गं."

"आता नको आबा. हलू नका. थोडंच राहिलंय."

पेशंट बोलला की डोकं हलतं, डोकं हललं की फोटो बिघडतो. म्हणून आम्ही सगळ्यांना हेच वाक्य सांगतो. आबांनी तीन वेळा चेंडू दाबला. तीनही वेळा मी हेच सांगितलं.

बाहेर काढलं तेव्हा दादा त्यांच्या चपला घेऊन दारातच उभा होता.

"काय सांगणार होतात आबा?" मी विचारलं.

आबांनी एकदा दादाकडं बघितलं. "काय न्हाई. तहान लागली हुती."

रिपोर्ट आला. वयाच्या मानानं नॉर्मल. मी हरखून दादाला स्क्रीनवर एकेक दाखवत बसले. ही बाहेरची करडी किनार, घड्या-घड्यांची. ही आतली पांढरी बाजू. या मधल्या काळ्या जागा पाण्याच्या, फुगलेल्या नाहीत. हा आठवणी सांभाळणारा भाग, दोन्हीकडं चांगला भरलेला. आणि मागं हा लहान मेंदू, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा.

मधल्या पातळ पडद्यात तांदळाएवढी पोकळी होती. डॉक्टर म्हणाले, जन्माचीच आहे, नॉर्मलच. तशीच माझ्याही डोक्यात आहे. मशीन नवीन बसवली तेव्हा इंजिनिअरनं पहिलं स्कॅन माझंच केलं होतं.

"म्हंजे आबांना सगळं समजतंय? ध्यानात राहतंय?" दादानं दोनदा विचारलं.

"तुझ्यापेक्षा शाबूत आहे डोकं," मी म्हटलं. दोघंही हसलो.

ऑगस्टमध्ये आबा गेले.

तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे पांगले, आणि दादानं मृत्युपत्र काढलं. सगळं रान दादाला. विहिरीकडचा दीड एकरसुद्धा. तो तुकडा संयूचा, असं आबा मी परकरात होते तेव्हापासून सांगत होते. तिथला आंबा त्यांनी माझ्या हातानं लावून घेतला होता.

मृत्युपत्राची तारीख बघितली. स्कॅननंतरचा तिसरा दिवस.

सोबत कुठल्या तरी डॉक्टरचा दाखला होता... शुद्धीत आहेत म्हणून. आणि दाखल्याला जोडलेला माझ्या सेंटरचा रिपोर्ट. टेक्निशियनच्या रकान्यात माझी सही.

केसानं गळा कापतात म्हणतात ना? माझा कापला, आणि केसही माझाच वापरला.

"दादा, डोकेदुखी म्हणाला होतास तू."

"रिपोर्ट तूच काढलास की गं. शाबूत हाय म्हनलीस. मग आता कशाला रडतीस?"

दादाचा राग आला, पण तो राग सोसता येत होता. मला खात होतं ते वेगळंच. आबांना कळत होतं का? त्यांचं डोकं गेलेलं असेल, तर एकट्या दादानं फसवलं. मग आबा माझेच राहिले. आणि डोकं शाबूत असेल, तर आबांनी जाणूनबुजून माझं नाव काढलं.

रोज डबा खाताना मी आबांचं स्कॅन उघडायची. कुठं तरी काही आटलेलं दिसावं, एखादा डाग दिसावा म्हणून शोधायची. पेशंटला नॉर्मल सांगताना मला केवढा आनंद व्हायचा, आणि इथं मी बापाच्या मेंदूत आजार शोधत होते.

सगळं नॉर्मल होतं. काहीही सापडलं नाही.

आता तो मंगळवार.

रोज सकाळी पहिला पेशंट घ्यायच्या आधी आम्ही पाण्यानं भरलेला एक गोळा मशीनमध्ये ठेवून स्कॅन करतो. मशीन नीट चालते का, ते बघायला. फोटोत नुसतं पांढरं वर्तुळ येतं. दुसरं काही येऊच शकत नाही.

गोळा ठेवला. दार लावलं. बाहेर सफाईच्या रंगुबाई फरशी पुसत होत्या. मी बटण दाबलं.

आणि... बझर वाजला.

मी काचेतून आत बघितलं. खोली रिकामी होती. चेंडू भिंतीच्या हुकाला लटकत होता.

"ताई, आत कोन मानूस हाय का?" रंगुबाईंनी विचारलं.

"नाही. बिघडलं असेल."

बझर बंद केला.

परत वाजला...

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आतला पंप ऐकू येत नव्हता. मशीन गार ठेवणारा हा पंप दिवसरात्र चिक-चिक वाजत असतो. अकरा वर्षांत मी त्या खोलीत शांतता ऐकली नव्हती.

स्क्रीनवर फोटो यायला लागले. पहिल्यात पांढरं वर्तुळ. दुसऱ्यात वर्तुळ. तिसऱ्यात...

कडेला करडी किनार होती. घड्या-घड्यांची.

चौथ्यात आतली पांढरी बाजू आली. मग पाण्याच्या जागा. मग मागं फ्लॉवरचा गड्डा. पाण्याच्या गोळ्यात मेंदू होता, चांगला भरलेला, निरोगी.

मधल्या पडद्यात तांदळाएवढी पोकळी.

बझर तिसऱ्यांदा वाजला.

माझा हात माइककडं कसा गेला मला माहीत नाही. रंगुबाई पोछा तसाच धरून माझ्या पाठीशी येऊन उभ्या होत्या.

"आबा," मी म्हटलं, "बोला. आता बोला, मी ऐकतेय. तुम्हाला कळत होतं ना सगळं? मग का केलंत? मी काय वाकडं केलं होतं तुमचं?"

स्पीकरमधून श्वास ऐकू आला. मग घसा खाकरल्याचा आवाज. आबा रेडिओवरच्या बातम्या लावण्याआधी खाकरायचे, अगदी तसा.

आणि मग...

"हलू नगं, संयू. थोडंच ऱ्हायलंय."

चिक-चिक. पंप सुरू झाला.

स्क्रीनवर सगळीकडं नुसती पांढरी वर्तुळं होती. एकूण एक फोटो उघडला, काही नव्हतं. इंजिनिअर येऊन बझर, नळी, चेंडू सगळं तपासून गेला. म्हणाला, मॅडम, सगळं नॉर्मल आहे.

रंगुबाई आता ती खोली पुसत नाहीत. "म्हातारं मानूस हुतं," एवढंच म्हणतात.

चूक झाली, असं आबा म्हणाले नाहीत. दादानं भाग पाडलं, असंही म्हणाले नाहीत. तेवढं म्हणाले असते तरी मी त्या रानाचा नाद सोडून दिला असता. मरून परत आलेला बापसुद्धा मला गप पडून राहायलाच सांगून गेला.

पेशंटला मी आता ते वाक्य सांगत नाही. बझर वाजला की स्कॅन थांबवून आत धावते. सेंटरमध्ये मला त्यावरून बोलणी बसतात.

आणि एक गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. ती पोकळी आबांच्या डोक्यात होती, तशी माझ्याही आहे. त्या दिवशी स्क्रीनवर आलेला मेंदू नक्की कुणाचा होता, हे मला सांगता येणार नाही. गेल्या महिन्यापासून माझं डोकं दुखतंय. डॉक्टर म्हणतात, मशीन आपलीच आहे, एकदा आत झोपून स्कॅन करून घ्या.

मी झोपलेली नाही.

थोडंच काय राहिलंय, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.