आई बरी झाली की

"जरा वेळ आहे का तुम्हाला?"

"वेळेशिवाय इथे दुसरं असतं काय?" तो म्हणाला आणि एका गालावर हात दाबून हसला.

डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकांवर त्या मंगळवारी तो एकटाच जागा होता. बाकीचे नातेवाईक माना टाकून पेंगत होते. मी त्याला निवडलं ते एवढ्याचसाठी… निदान तेव्हा तरी.

मी रुग्णालयात माहितीपत्रकं लिहिते. बायोप्सी, क्रिएटिनिन, असले डॉक्टरांच्या तोंडचे शब्द घरच्या माणसांना कळतील असे सोपे करून सांगायचे, हे माझं काम. आमच्या मॅडमचा एक नियम आहे. पत्रक छापायला जाण्याआधी बाकावरच्या कुणालातरी वाचायला द्यायचं, मग काढून घ्यायचं आणि म्हणायचं, "आता तुमच्या शब्दांत सांगा." त्याने चुकीचं सांगितलं, तर चूक लिहिणारीची. मुकाट्याने पुन्हा लिहायचं.

पहिलं पत्रक फिस्टुलाचं होतं. त्याने वाचलं, परत दिलं आणि म्हणाला, "हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडून देतात. शिरेला जोरात रक्त मिळतं, ती फुगून दणकट होते आणि मशीनच्या जाड सुईला पक्की जागा मिळते. बारक्या नळाला मोठ्या पाइपातून कनेक्शन दिल्यासारखं. बरोबर?"

बरोबर होतं. माझ्या पत्रकापेक्षा सुटसुटीत होतं, त्यामुळे मला जरा रागच आला.

"तुम्ही नळवाले का?"

"छे हो, घरं बांधतो." त्याने खिशातून स्पंजचं नखाएवढं झाड काढून माझ्या हातावर ठेवलं. "पुठ्ठ्याची. आर्किटेक्टकडे मॉडेलं बनवतो. घ्या हे, पाणीही घालावं लागत नाही."

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी माझी पत्रकं बरोबर त्याच्या आईच्या वेळेलाच तयार व्हायला लागली. मॅडम नुसत्या चष्म्यावरून बघायच्या. ॲनिमिया त्याला एका झटक्यात कळला. संसर्ग आणि सूज यांतला फरकही. 'अक्यूट' वाचून तो म्हणाला, "न कळवता आलेला पाहुणा. धिंगाणा घालतो, पण बहुधा लवकर जातो." मी ते वाक्य जसंच्या तसं उचललं.

त्याच्या आईशीही माझी गट्टी जमली. शिवणकामाच्या शिक्षिका होत्या त्या. एकदा त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या दंडावर ठेवला. फिस्टुलाखाली रक्त थरथरत होतं, घुर्रघुर्र.

"मांजर पाळलंय मी," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी हात लावून बघायचं, जागं आहे ना म्हणून."

एक गोष्ट मात्र मला खटकायची. त्याचा तो गालावरचा हात.

"दाढ किडलीय," तो म्हणाला.

"मग काढून टाका की!"

"काढीन. आई बरी झाली की."

त्याला स्वतःचं वर्कशॉप काढायचं होतं. जागाही बघून ठेवली होती. कधी काढणार? आई बरी झाली की. मित्र डोंगरावर निघाले, तर पुढच्या वेळी येतो म्हणाला, आई बरी झाली की. मी आधी हसण्यावारी नेलं. मग एका धो धो पावसाच्या दुपारी आम्ही कँटीनच्या गळक्या पत्र्याखाली अडकलो. छत्री एकच, तीही माझी. त्याचा खांदा भिजत होता आणि तो काही सरकून जवळ येत नव्हता.

"तुमच्याशी… एक बोलायचं होतं," तो म्हणाला.

माझे कान तापले. "बोला ना."

त्याने माझ्याकडे पाहिलं. नजर इतकी स्वच्छ, की वेगळं काही सांगायला नकोच होतं. मग त्याने मान खाली घातली. "आत्ता नको. आई बरी झाली की."

त्या संध्याकाळी मी तरंगतच घरी गेले. आणि कपड्यांच्या घड्या घालताना एकदम खाली आले. त्याची आई बरी होणार नव्हती.

त्यांनीच मला सांगितलं होतं. "मशीन आता जन्माचं. हृदय अशक्त, म्हणून किडनीही बदलता येणार नाही. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं गं. मला कळलं. यानेही मान डोलावली आणि घरी येऊन म्हणाला, वर्षभरात ठणठणीत होशील! माझ्याने नाही म्हणवलं नाही."

म्हणजे मी बोलले नाही, तर हा माणूस जन्मभर गाल धरून बसणार होता. बोलले, तर त्याची आशा माझ्या हातून मोडणार होती. आणि मग तो माझं तोंड तरी कशाला पाहील?

पुढचं पत्रक 'क्रॉनिक'चं होतं.

पहिल्या मसुद्यात मी 'दीर्घकाळ चालणारा आजार' लिहिलं. त्याने वाचलं. "म्हणजे वेळ लागतो. पण होतं बरं." मी पुन्हा लिहिलं, 'हा आजार सोबत राहतो.' तो म्हणाला, "थोडे दिवस राहतो. धीर धरायचा." इतकी पत्रकं अचूक सांगणारा माणूस इथेच नेमका चुकत होता. पण नियम म्हणजे नियम. चूक माझी होती. मी शब्दांवर गोधडी पांघरत होते. तिसऱ्या मसुद्यात मी मन घट्ट करून लिहिलं : 'हा आजार पूर्ण बरा होत नाही. उपचार घेत, त्याला सांभाळत जगायचं असतं.'

त्याने ते वाचलं. कागद पालथा करून बाकावर ठेवला.

"हे छापू नका," तो म्हणाला. "लोकांची उमेद जाईल."

"कुणाची?" मी हळूच विचारलं.

तो उठला आणि पार टोकाच्या बाकावर जाऊन बसला. शुक्रवारी आला, पण माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या मंगळवारी तर आईबरोबर शेजारच्या काकू आल्या. स्पंजचं झाड माझ्या टेबलावर होतं. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं, पुन्हा बाहेर काढलं. इतकं वाईट मला आधी कधी वाटलं नव्हतं.

"काल आमचं भांडण झालं," मी आत गेले तेव्हा त्याच्या आई सुई टोचून घेता घेता म्हणाल्या. "मला म्हणतो, तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस? रडला खूप. मग मीही रडून घेतलं. रात्री दोघं पोटभर जेवलो बघ."

"आणि आज… कुठे आहेत ते?"

"येईल," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून पडल्या.

तो आला तेव्हा मी बाकावरच होते. गाल टम्म सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. हात मात्र गालावर नव्हता. तो समोर केलेला होता… पत्रक मागत.

मी दिलं. त्याने तिसरा मसुदा सावकाश वाचला आणि परत केला.

"आता," मी म्हणाले, "तुमच्या शब्दांत सांगा."

त्याने बोळा काढून रुमालात धरला. जीभ जड झालेली, शब्द बोबडे. "आई बरी होणार नाही. मंगळवारी, शुक्रवारी इथे येईल. पण बाकीचे दिवस तिचेच आहेत. ते वाट बघण्यात घालवायचे नाहीत. तिने नाही… आणि मीही नाही."

"बरोबर," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि त्याच्या सुजलेल्या गालाकडे बघून हसूही.

"ते… एक बोलायचं होतं ना."

"ते कधी?"

"आत्ता. तू मला आवडतेस. फार. आई जशी आहे, मी जसा आहे, हे मंगळवार-शुक्रवार… या सगळ्यासकट मला पत्करशील?" मग तो जरा पुढे झुकला आणि त्या वाकड्या तोंडाने हसला. "कळलं? मग आता तुझ्या शब्दांत सांग."

मी त्याच्या हातातला रुमाल घेतला आणि त्याच्या ओठाच्या कडेला टेकवला.

"बोळा लाव आधी," मी म्हणाले. "रक्त येतंय."

त्याने मान डोलावली. या वेळी त्याला पहिल्याच वाचनात बरोबर कळलं होतं.