मल्लूच्या रेडिओचा चार्जर

वादळात विजेचे खांब पडले आणि दुबलगुंडीत दोन दिवस करंट आला नाही. सगळ्यांचे मोबाईल मरून पडले. म्हणून गावातल्या भीमराजअण्णानं दुपारी आपली जीप रेणूच्या दारात लावली आणि ओट्यावर येऊन बसला.

"पोरी, जीपच्या बॅटरीवर चालणारा चार्जर करून दे की. हुमनाबादेतनं इकत आणलेला आठ दिवसांत जळून जायलाय."

बॅटरीचे बारा व्होल्ट पाचावर आणणारी तीन पायांची आयसी रेणूकडं नव्हती. ती होती फक्त मल्लूच्या रेडिओत. मल्लू, म्हणजे मल्लिकार्जुन, तिचा भाऊ. रोज जाऊन-येऊन कोळारला कारखान्यात कामाला होता. तो रेडिओ त्यानं स्वतः जोडला होता आणि रेणूला कथलाचा डाग द्यायलाही त्यानंच शिकवलं होतं. दिवाळीच्या तोंडावर संध्याकाळी घरी येताना कुठल्याशा गाडीनं त्याला उडवलं. गाडी थांबली नाही.

"वरीस व्हायच्या आत त्याच्या वस्तूला हात लावू नको," आतून आई म्हणाली. "त्याचा जीव असतोय त्यात."

"तुझं आपलं कायतरीच, अक्का," राघोबामामा हसला. मल्लू गेल्यापासून बहिणीला आधार म्हणून तो त्यांच्याकडंच राहायला आला होता. "धूळ खायलाय नुसता. काढ गं रेणू."

रेणूनं आयसी काढली. करंट नव्हता, म्हणून तांब्याच्या टोकाची सळई चुलीच्या निखाऱ्यात तापवून तिनं एकेक डाग दिला. राळेचा धूर घरभर पसरला. मल्लूच्या शर्टाला यायचा तोच वास. आई परसात निघून गेली.

दिवेलागणीला चार्जर तयार झाला. भीमराज जीपमध्ये बसला. रेणूनं जीपच्या दारात उभं राहून वायर जोडली, त्यानं पिन फोनमध्ये खोचली. चार्जरचा बारका लाल दिवा लागला. फोनचा पडदा मात्र काळाच होता.

तरी फोन वाजला.

भीमराजनं सवयीनं तो कानाला लावला. आधी नुसता श्वास... ओला, खरखरणारा. मग बोलणं. ते रेणूलाही स्वच्छ ऐकू आलं.

"अण्णा... गाडी मागं घे की... पाय अडकलाय माझा..."

मल्लूचा आवाज.

भीमराजचे ओठ पांढरे पडले. "मला वाटलं... जनावर आडवं आलं..."

"जनावर बोलत न्हाई, अण्णा."

त्यानं फोन कानापासून ओढला. निघेना. कातडी ताणली गेली, पण फोन सुटेना. "रेणू, वायर ओढ! जळायलोय गं मी!"

रेणूच्या बोटांत वायर होतीच. एक झटका पुरे होता. चारचौघांत मान वर न करणारी ती पोर त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "गाडी तूच चालवत होतास?"

"व्हय... पण मी थांबायलो होतो, आईशप्पत! बाजूला बसलेल्यानं थांबू दिलं न्हाई. म्हणला, पोलिसात अडकशील, चल."

"कोण?"

 भीमराज घराच्या दाराकडं बघत राहिला. आणि फोनमधून हळूच आलं, "मामा... मी हाय मामा... मल्लू..."

तिरडीला पुढून खांदा मामानंच दिला होता.

रेणूनं वायर सोडून दिली. जीपचं दार बाहेरून लोटलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली. आतली धडपड पाठीला लागत होती. मग ती कमी झाली. मग थांबली.

तेवढ्यात घरात मामाचा मोबाईल वाजायला लागला. परवापासून मेलेला.

"राघू, उचल की," आईचा आवाज आला. "कवाचा वाजायलाय... कामून असा बघायलास? आण, मीच घेते."

रेणूला हाक मारायची होती. ती जीपच्या दाराला तशीच टेकून राहिली.

"हालो... कोण?" आई जरा थांबली. मग तिचा आवाज मऊ झाला, दिवाळीपासून झाला नव्हता इतका. "व्हय रे बाळा... हाय की. इथंच बसलाय, माझ्यापुढं."

मग तिची पावलं दाराकडं आली.

"आतून कडी लावू म्हणतोस?... बरं."