सतरा गावांची हजेरी

सगळ्या खोऱ्याचे निरोप सुखरूप जात होते. अडकले होते ते फक्त केतकीचे, आणि तेही नेमके आज!

केतकीची आई होती चंद्राभोवती फिरणाऱ्या स्थानकात. बिनमातीची मेथी पिकवण्याचं तिचं काम. स्थानकाच्या मुख्य यंत्रणेवर घरगुती गप्पांना परवानगी नव्हती. म्हणून महिन्यातून एकदा, फक्त अकरा मिनिटं, त्या गप्पा हौशी रेडिओवाले इंटरनेटवरून घेऊन स्थानकापर्यंत पोचवत. परवाना काढून, केवळ आवडीपोटी रेडिओ चालवणारी ही माणसं. आजची वेळ होती चार दहा ते चार एकवीस. त्यानंतर स्थानक चंद्राआड जाणार आणि आई पुढच्या महिन्यातच भेटणार.

चारला पाच कमी असताना केतकीने पडद्यावर बघितलं, तर 'संपर्क नाही'. ती धावतच शेजारी गेली.

शेजारी कुंदाआत्या राहत. खरं तर त्या बाबांच्या आत्या, पण अख्खं खोरं त्यांना आत्याच म्हणे. चाळीस वर्षं रेडिओलहरींवर संशोधन करून त्या गावी परतल्या आणि त्यांनी सतरा गावांच्या छपरांवर सतरा पेट्या बसवून खोऱ्याचं इंटरनेटचं जाळं उभं केलं.

"आत्या, जाळं बंद पडलंय!"

"बंद? मी आत्ताच पुण्याला फणसाचा फोटो पाठवला," आत्या म्हणाल्या. त्यांनी रेडिओचं बटण दाबलं. "तामकड्याच्या पायथ्याला कोणी आहे का? घाग गुरुजी?"

खरखरीतून गुरुजींचा आवाज आला, "आहे, आहे! आत्या, वर टेकडीवर वानरं आलीत. पेटीच्या सौरपॅनेलची वायर उपटून झोके घेतायत. काठी घेऊन निघालोय."

"म्हणजे तामकड्याची वेस बंद," आत्या म्हणाल्या. खोऱ्याच्या जाळ्यातून बाहेरच्या इंटरनेटवर जायला दोन गेटवे (वेशी) होते. एक तामकड्याच्या टेकडीवर, दुसरा समुद्राकाठी खारशेतला, बशीरचाचांच्या घरावर. "पण मग माझा फणस खारशेतवरून गेला असणार. तुझं का अडलं? चल, बघू."

केतकीच्या पडद्यावर आत्यांनी एक चाचणी-पाकीट सोडलं. आपला प्रत्येक निरोप बारीक तुकडे होऊन जातो. त्या तुकड्यांना पाकिटं म्हणतात, आणि प्रत्येकावर पत्ता असतो. हे पाकीट छपरावरून निघालं, तामकड्याकडे गेलं आणि तिथेच हरवलं. दुसरं सोडलं, तेही तिकडेच.

"नवल आहे! तुझी पाकिटं बंद दारावरच डोकं आपटतायत. रविवारी सकाळी आपण रेडिओवर काय करतो गं?"

"हजेरी घेतो. तू गावांची नावं घेतेस, ती 'हजर' म्हणतात."

"आणि कोणी गप्प राहिलं तर?"

"त्याच्याकडून जायचे निरोप दुसऱ्या गावावरून पाठवतो."

"राउटर (पाकिटाला वाट दाखवणारी पेटी) तेच करतो, पण दर दहा सेकंदांनी. शेजारच्या पेट्यांना सांगतो, 'मी हजर आहे, माझ्याकडून अमुक ठिकाणी जाता येतं.' चाळीस सेकंद कोणी गप्प राहिलं, की शेजारी ती वाट खोडतात आणि उरलेल्यांतली सोयीची निवडतात. याला म्हणतात गतिमान मार्गनिवड (बदलत्या परिस्थितीनुसार आपोआप वाट ठरवणं). बाकी सगळ्यांसाठी पेट्यांनी ते केलं. तुझ्यापुरतं का नाही केलं?"

केतकीचे कान लाल झाले. आत्यांना पडलेल्या कोड्याचं उत्तर तिला ठाऊक होतं.

"आत्या... परवा मीच पेटीत एक ओळ लिहिली. 'काहीही होवो, केतकीचे निरोप तामकड्यावरूनच जावेत.' ती वाट सगळ्यांत जवळची ना! आईचा एक शब्दसुद्धा आडवाटेला जायला नको होता."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा!" आत्या हसल्या, पण त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "वाट जवळची होती, पण तू तिला खिळा मारलास. काढ तो."

घड्याळात चार बारा झाले होते. घाईत दोनदा चुकून केतकीने ती ओळ शेवटी खोडली. काही सेकंदांतच नवी वाट उमटली: आंबेशेत, तिठा, खारशेत, बाहेर.

"पण आईचं उत्तर परत कसं येईल? वेस बदललेली तिला कुठे ठाऊक?"

"दोन्ही वेशी बाहेरच्या राउटरांनाही सांगत असतात, की या खोऱ्याचे पत्ते आमच्याकडून गाठा. तामकडा गप्प झाला, तसं त्यांनीही त्याचं नाव खोडलं. बोल आता!"

पडद्यावर आई आली. हातात मेथीची जुडी, आणि जुडी हवेत तरंगणारी! केतकी बोलली की आईचं हसू अडीच सेकंदांनी उमटे, कारण रेडिओलहरींनाही चंद्रापर्यंत जाऊन यायला तेवढा वेळ लागतो. केतकीला त्या थांबण्याचंही सुख वाटत होतं.

मग चित्र गोठलं. आईचं तोंड उघडंच राहिलं.

केतकीचा हात झटकन कळांकडे गेला. पुन्हा एक ओळ लिहावी? कुठली वाट बांधावी? तिने आत्यांकडे बघितलं, त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. केतकीने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि ती मोजू लागली. दहा. वीस. तिचे डोळे भरून आले, पण हात जागचे हलले नाहीत. तीस. चाळीस. एक्केचाळीस...

"...तर मग ती मेथी मी खाल्ली! केतू? मधेच कुठे गेला होतात गं?"

"वाट बदलत होतो!" केतकी ओरडली आणि रडता रडता हसली. खारशेतची वीज गेली होती. पण तोवर घाग गुरुजींनी वानरं हाकलून वायर जोडली होती आणि तामकडा पुन्हा 'हजर' म्हणाला होता.

चार वीसला आईने घाईने सांगितलं, "पुढच्या वर्षी आमच्या खिडकीशीही तुमच्यासारखी पेटी बसणार आहे. मग रविवारी आमचंही नाव घ्या हं! त्र्याहत्तर, बाळा!" त्र्याहत्तर म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या भाषेत मनापासून शुभेच्छा. आणि स्थानक चंद्राआड गेलं.

त्या रविवारी आत्यांनी हजेरीची वही केतकीकडे दिली. तिने सतरा नावं पुकारली, सतराही हजर होती. खारशेतहून बशीरचाचा तर दोनदा 'हजर' म्हणाले. मग तिने पेन ठेवून पेन्सिल घेतली, खाली अठरावं नाव लिहिलं आणि मोठ्याने पुकारलं, "चंद्र?"

सगळं खोरं अडीच सेकंद गप्प राहिलं. केतकीने नावापुढे 'गैरहजर' लिहिलं, तेही पेन्सिलनेच, म्हणजे पुढच्या वर्षी खोडता येईल.