ही कोण?

मिरजेच्या रुग्णालयात हेमांगी शिरोडकरांनी खिडकीशी इझल उभं केलं. खाटेवरच्या मुलीचा चेहरा पट्ट्यांनी झाकलेला होता. चाळीस वर्षं त्या व्यक्तिचित्रं रंगवत आल्या होत्या. पण चेहरा न बघता रंगवायची ही पहिलीच वेळ.

सुप्रभा लोखंडे, चोवीस वर्षांची, कृष्णेत मुलांना पोहायला शिकवायची. स्कूटरच्या बॅटरीच्या भडक्यात तिचा चेहरा भाजला. आता तिच्याच पेशींपासून वाढवलेली त्वचा यंत्र थराथरानं छापणार होतं. अडचण होती ती रंगाची. एकच सपाट रंग दिला की चेहरा बाहुलीसारखा दिसे. म्हणून रंगपेशी कुठे दाट पेरायच्या, कुठे विरळ, हे यंत्र तैलचित्र वाचून ठरवणार होतं.

सुप्रभाच्या आईनं, मंगलताईंनी, मोबाइल पुढे केला. फोटोंत पोरगी गोरीपान होती. हल्लीचे फोन प्रत्येक चेहरा आपोआप उजळ करत. तिच्या चेहऱ्याचा मूळ रंग एकाही फोटोत उरला नव्हता.

"असाच करा बाई," मंगलताई हळूच म्हणाल्या. "एवढं सोसलंय तिनं. निदान उजळ तरी होऊ दे."

पट्ट्यांआडून सुप्रभा पुटपुटली, "आई, नको गं."

हेमांगीबाईंनी वाद घातला नाही. दोन दिवस खपून त्यांनी फोटोतलाच चेहरा रंगवला. मंगलताई चित्रापुढे आल्या, हसल्या आणि मग नुसत्याच बघत राहिल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण ही कोण?"

बाईंनी ओला रंग सुरीनं खरवडून काढला. "आता तुम्ही सांगा, मी रंग कालवते."

"कपाळ माझ्यासारखं सावळं. गाल उन्हानं तांबूस. डोळ्यांखाली..." मंगलताई अडखळल्या. बाईंनी तपकिरीत किंचित हिरवा मिसळून ब्रश टेकवला.

"हां! अगदी हेच!"

चित्र पुरं झालं, तरी बाईंच्या जिवाला घोर लागला होता. आईच्या आठवणीत चूक असली तर? कॅनव्हास खरवडता येतो. चेहरा कसा खरवडणार?

यंत्रानं त्वचा छापली, त्यानंतर सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी शेवटची पट्टी सोडली. मंगलताईंनी तोंडावर पदर धरला. सुप्रभानं आरसा घेतला, एक गाल वळवून पाहिला, मग दुसरा. बोटानं नाकाचा शेंडा दाबला. तो क्षणभर फिका पडला आणि पुन्हा सावळा झाला. ती खुदकन हसली.

मग एकाएकी गंभीर होत तिनं विचारलं, "डॉक्टर, हा चेहरा माझ्याबरोबर म्हातारा होईल ना?"

डॉक्टरांनी हेमांगीबाईंकडे पाहिलं. असा छापलेला चेहरा म्हातारा झालेला अजून कुणी कुठे पाहिला होता?