पाझरणारी भिंत

गोझो बेटावरच्या भुयारी मंदिरात डॉ. श्रीरंग खांबेटे तीन पायऱ्या उतरले आणि चौथ्या पायरीवर बसूनच राहिले. गुडघे दुखत होते, हे आपलं निमित्त. बारा वर्षांपूर्वी, अशाच ऑगस्टमधल्या सुट्टीत, ह्याच पायरीवर त्यांची बायको सुनीती बसली होती आणि काहीतरी बोलली होती. आणि तेव्हा हे महाशय काय करत होते? कानांवर हेडफोन चढवून पाच हजार वर्षांपूर्वीच्या खोलीचा घुमारा मोजत होते! तिच्याकडे न बघताच त्यांनी बोट वर करून तिला गप्प बसवलं. काय म्हणाली होती, ते नंतरही विचारलं नाही.

सुनीतीला जाऊन आता तीन वर्षं झाली होती. पुण्याच्या घरात तिचे फोटो होते, व्हिडिओ होते, आवाज तर ढीगभर होता. ते एक वाक्य तेवढं नव्हतं. त्यापायी ह्या माणसाची अन्नावरची वासनाच उडाली होती. एकट्यासाठी कुकर लावायचा आणि झाकण न उघडताच झोपायचं, असं चाललं होतं.

"डॉक्टर, मला एकदा नीट समजावून सांगा," डॉ. रीटा शुएरेब म्हणाल्या. त्या बेटावरच्या भूगर्भतज्ज्ञ. भिंतीतून करंगळीएवढा तुकडा काढायची परवानगी त्यांनीच मिळवून दिली होती. "चुनखडी बोलते कशी?"

"बोलत नाही हो, ऐकते. छतातून पाझरलेलं पाणी भिंतीवरून ओघळतं आणि चुन्याचा एक पातळ थर मागे ठेवतं. तो ओला असताना कुणी बोललं, तर त्या कंपनांनी त्यातले स्फटिक किंचित तिरके जमतात. ह्याला मी नादथर म्हणतो. एकदा वाळला की त्यातला आवाज कायमचा."

"आणि हे यंत्र?"

"थरवाचक. लेसरनं वरून एकेक थर खरवडत जातो आणि स्फटिकांच्या तिरकेपणातून पुन्हा आवाज उभा करतो. वर्षाला एक थर. मला हवाय तो वरून बारावा. फक्त एक आहे, वाचला की थर जळून जातो. ऐकायला मिळतं ते एकदाच."

"प्रयोग कुठे केलेत?"

"जुन्नरजवळच्या एका लेण्यात. ऑगस्टात भिंती नुसत्या गळत होत्या. माझी शिंकसुद्धा सापडली!"

रीटा हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि तळवा श्रीरंगांपुढे धरला. तळव्यावर पांढरी धूळ होती.

"तुमच्याकडे ऑगस्टात पाऊस. आमच्याकडे मे ते सप्टेंबर थेंब पडत नाही, डॉक्टर. ही भिंत पाझरते ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, तेव्हा मंदिराला कुलूप असतं. उन्हाळ्यात इथे कुणी घसा फोडून ओरडलं तरी काही उमटणार नाही."

श्रीरंगांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. चाळीस वर्षं ध्वनिशास्त्रात घालवलेला माणूस, सगळी गणितं चोख, आणि ऋतू मात्र जुन्नरचा घेऊन आला होता! दोन वर्षं खपून यंत्र बनवलं, समुद्र ओलांडून आणलं, आणि ते वाक्य इथे कधी उमटलंच नव्हतं. आता ते जगात कुठेच नव्हतं. त्यांना मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण परक्या बाईसमोर रडायचं कसं, म्हणून ते चष्मा पुसत बसले.

"बंद करा ते," ते म्हणाले.

थरवाचक सकाळपासून चालू होता. अकरा थर झाले होते आणि अकराही थरांत नुसती टपटप निघाली होती. रीटांचा हात बटणाकडे गेला, तेवढ्यात बारावा थर सुरू झाला. टपटप. टपटप. आणि मग बाईचा आवाज आला, मराठीतून.

"रंगा, किती थंडी आहे रे इथे!"

श्रीरंग ताडकन उठले. गुडघ्यांचं भानच राहिलं नाही.

"ताईकडे ग्वाल्हेरला जाते सांगून निघाले आणि आले इथे. ताईला म्हटलंय, त्याचा फोन आला तर मी अंघोळीला गेलेय म्हणून सांग. वीस दिवसांत तुझा फोन येणार नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. ह्या खोलीत बोललेलं कसं भरून येतं ना? घरी बोलते ते कुठे जातं कोण जाणे. त्या दिवशी मी एवढंच म्हटलं होतं रे, ते यंत्र ठेव खाली आणि दहा मिनिटं माझ्याशेजारी नुसता बस. तू बोट वर केलंस. परत म्हणायची मग लाजच वाटली. आज म्हणून टाकलं. चला, किल्लीवाला थांबलाय."

पुन्हा टपटप सुरू झाली. यंत्राच्या तोंडातून थोडा धूर निघाला आणि थर संपला.

रीटांना शब्द कळले नव्हते, पण एवढं त्यांना ठाऊक होतं. "हा हिवाळ्यातला आवाज आहे, डॉक्टर. तुम्ही येऊन गेलात त्यानंतरचा."

"जानेवारीतला," श्रीरंग म्हणाले. त्या जानेवारीत ती ग्वाल्हेरहून म्हणून परत आली तेव्हा आपण 'ताई कशी आहे' एवढंसुद्धा विचारलं नव्हतं, हे त्यांना लख्ख आठवलं. आपण तीन वर्षं एकटे आहोत, असं ते जगाला सांगत फिरत होते. ती तर आपण शेजारच्या खोलीत असताना एकटी होती.

त्यांनी विचारलं, "पाझर नक्की कधी सुरू होतो म्हणालात?"

"ऑक्टोबरच्या अखेरीस. का?"

"तोवर राहायला एखादी खोली मिळेल गावात? मला तिच्याशी बोलायचंय. आत्ता बोललो तर राहणार नाही."

"अहो, पण ऐकायला कुणी नसेल इथे," रीटा हलकेच म्हणाल्या.

"तिच्या वेळी तरी कुठे होतं?" श्रीरंग म्हणाले, आणि गुरुवारचं विमान रद्द करायला त्यांनी फोन काढला.